बर्था टीचरांची टोपली

बर्था तुस्कानो यांनी माझं नाव विचारायच्या आधी मला "पोट आत" असं सांगितलं, आणि बेचाळीस वर्षांच्या, विमा कचेरीत एक अख्खा सेक्शन सांभाळणाऱ्या, दोन मुलांचा बाप असलेल्या मी ते निमूट आत घेतलं. ही १९९७ सालच्या सव्वीस जानेवारीची गोष्ट. कळंबच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाखाली आम्ही वीस-बावीस फ्लॅटवाले कुडकुडत उभे होतो. आचोळ्यातल्या आमच्या बिल्डिंगीत तेव्हा प्रभात मंडळ नावाचं एक खूळ शिरलं होतं. मला साखर निघाली म्हणून बायकोनं, मनोरमानं, माझं नाव परस्पर त्यात घातलं होतं. मंडळाचा उत्साह म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचा सुमेध. कॉम्प्युटर क्लास चालवायचा, गळ्यात कायम शिट्टी. त्यालाच कुठून तरी कळलं होतं की गास गावातल्या एक पी.टी.च्या टीचर दर सव्वीस जानेवारीला गावातल्या लोकांना घेऊन किनाऱ्यावरून पळतात. तो म्हणाला, आपणही जाऊ. आम्ही गेलो. सुट्टीच्या दिवशी लोक झोपतात, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

टीचर तेव्हा पंचावन्नच्या घरात होत्या. गुडघ्याखाली जाणारा फ्रॉक, खडूनं पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट आणि हनुवटीखाली गाठ मारलेला पांढरा रुमाल. आमच्याशी बोलायच्या ती शाळेतली घोटीव मराठी. गावच्या बायकांशी बोलताना मात्र त्यांची घरची बोली सुरू व्हायची आणि आम्हाला त्यातला निम्मा भाग कळायचा नाही. रागावल्या किंवा गहिवरल्या की शाळेतल्या मराठीतला ण निसटून न व्हायचा. पण हे मला नंतर कळलं, कारण गहिवरायला त्यांना सवड नसायची.

त्यांची एक पद्धत होती. सुरूच्या झाडाखाली बोराएवढी काटेरी बोंडं पडलेली असतात. प्रत्येकानं त्यातलं एक उचलायचं आणि निघण्यापूर्वी त्यांच्या वेताच्या टोपलीत टाकायचं. पळून परत आलं की रांगेत उभं राहायचं आणि एकेक बोंड उचलून घ्यायचं. जेवढी टाकली तेवढी उचलली गेली, म्हणजे सगळे परत आले. डोकी मोजायची नाहीत. सुमेधनं पहिल्याच वर्षी बोट नाचवत डोकी मोजायला घेतली, तेव्हा त्याच्या हातावर टीचरांनी चापट मारली. पंचवीस वर्षांच्या बाप्याच्या हातावर!

टोपलीत पहिलं बोंड त्या स्वतः टाकायच्या. त्या काही पळायच्या नाहीत, टोपलीपाशी उभ्या राहायच्या. त्यामुळे शेवटी एक बोंड उरायचंच. मी हिशोबी माणूस. पहिल्याच वर्षी मी मोठ्यानं म्हणालो, "टीचर, एक कोणीतरी राहिलंय हो."

गावातली माणसं एकदम बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकली.

"ते हेलनचं," टीचर म्हणाल्या. "ते राहतं." आणि त्यांनी सगळ्यांना शाळेकडे हाकललं. शाळा बनामागे दहा मिनिटांवर होती. तिथं आठला झेंडा. झेंडा झाल्यावर आम्ही बुंदीचे पुडे खात रिक्षा शोधत होतो, तेव्हा त्या एकट्याच परत किनाऱ्याकडे जाताना दिसल्या. मनोरमानं गावच्या बायकांकडून माहिती काढली. हेलन म्हणजे टीचरांची धाकटी बहीण, फार वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर बुडालेली. टीचर भरतीचं पाणी सुरूच्या मुळाशी येईपर्यंत ते एक बोंड घेऊन बसून राहतात. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा मजाही वाटली. प्रत्येक गावाचं एकेक असतं, असं मी मनाशी म्हटलं.

दुसरी पद्धत वेळेची. पळायची वेळ टीचर ठरवायच्या आणि ती दरवर्षी वेगळी. डिसेंबरात आमच्या पत्त्यावर पोस्टकार्ड यायचं. कधी पहाटे साडेपाच, कधी झेंड्यानंतर दहा, एका वर्षी तर चक्क दुपारी साडेबारा. सुमेध वैतागायचा. म्हणायचा, "टीचर, सव्वीस जानेवारी फिक्स, झेंडा फिक्स, मग रन का फिक्स नाही?" त्यावर टीचरांचं उत्तर ठरलेलं होतं. सव्वीस जानेवारी सरकारची आहे, पाणी तिथीचं आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आणि ओहोटी असेल तेव्हाच पळायचं. सुरूच्या बनापासून तीनशे पावलांवर एक ओहोळ समुद्राला मिळतो. ओहोटीला तो घोट्याएवढा असतो, भरतीला माणूस घेऊन जातो. आम्ही तो ओलांडून पलीकडच्या वाळूवर जायचो, दीड-दोन किलोमीटर पुढे जाऊन परतायचो. ओहोळाच्या पलीकडे लगेच एक बसका काळा खडक होता. त्या खडकावर गावचं कोणी बसायचं नाही.

२००० साली धाव झेंड्यानंतर दहाला होती. लख्ख ऊन होतं. परतताना मी नेहमीप्रमाणे मागे रेंगाळलो होतो. ओल्या वाळूवर आमच्या सगळ्यांचे बुटांचे ठसे होते आणि त्यांच्या शेवटी, समुद्राच्या बाजूनं, एक अनवाणी पावलाचा माग होता. एकाच पावलाचा. उजवं पाऊल नीट उमटलेलं आणि डाव्याच्या जागी नुसती फरपट. तो माग ओहोळापर्यंत आला होता. ओहोळाच्या अलीकडे पुन्हा दिसतो का म्हणून मी पाहिलं, तर तो अलीकडेही होता, सुरूच्या बनाच्या दिशेनं गेलेला, आणि आमची रांग उभी राहायची तिथं संपलेला. मी रांगेतल्या सगळ्यांच्या पायांकडे बघत गेलो. सगळ्यांच्या पायांत बूट होते. टीचर माझ्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "असेल कोणीतरी शिवल्या काढणारी." मीही तेच धरून चाललो. समुद्रावर शिंपल्या-शिवल्या काढायला माणसं येतातच.

पण २००४ साली मनोरमाचं जे झालं, ते असं धरून चालता येईना. त्या वर्षीही धाव दहाला होती. मनोरमा काही पळत नसे, ती सगळ्यांच्या मागून चालत यायची आणि भेटेल त्याच्याशी गप्पा मारायची. घरी आल्यावर चहा टाकता टाकता तिनं सांगितलं, "माझ्या मागून एक मुलगी येत होती. पाय मुरगळला असावा, लंगडत होती. मी म्हटलं, ये गं, मीही हळूच आहे. तर मला विचारते, झेंड्याला वेळ आहे ना?"

"मग?"

"मी म्हटलं, अगं, झेंडा कधीच झाला. मागे वळून बघते तर नाहीच कोणी. सर्दी झाल्यासारखा आवाज होता हो. ओला." मग तिनं गॅस बंद केला. चहा उकळायचा होता अजून. त्या दिवसापासून मनोरमा किनाऱ्यावर आली नाही.

२००५ च्या जानेवारीत मी एकटा टीचरांकडे गासला गेलो. महिन्यापूर्वी त्सुनामी झालेली होती. आमच्याकडे पाणी तसूभरही वर चढलं नव्हतं, पण टीव्हीवर बघून बघून मंडळातले निम्मे लोक समुद्राचं नाव काढायला तयार नव्हते. या वर्षी धाव राहू द्या, हे सांगायला मला पाठवलं होतं. टीचर निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झाली होती. घरी एकट्याच. ओटीवर बसून केळीच्या सोपाच्या, म्हणजे वाळक्या सालीच्या, दोऱ्यानं जास्वंदीच्या कळ्यांच्या जुड्या बांधत होत्या. माझं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही येऊ नका. मी जाणार. या वर्षी मी पळणार."

"तुम्ही? या वयात?"

तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

१९६७ सालची सव्वीस जानेवारी. टीचर पंचवीस वर्षांच्या, शाळेत नव्या. हेलन एकोणीसची, ताईच्या मदतीला आलेली. शाळेच्या मुली आणि गावातल्या बाया मिळून त्रेचाळीस जणी पळायला होत्या. परतताना खडकापाशी हेलनचा डावा पाय मुरगळला. सुरूचं बन समोर दिसत होतं, तीनशे पावलं राहिली होती. हेलन खडकावर बसली आणि म्हणाली, तू मुलींना घेऊन पुढे हो, मी येते मागून. टीचर पुढे आल्या. रांग लावली, आणि पाठीमागून एकेकीच्या खांद्यावर हात ठेवत मोजलं. त्रेचाळीस भरल्या. हेलन येऊन उभी राहिली असेल असं त्यांना वाटलं. आठला झेंडा होता, हेडमास्तर वेळेचे कडक. त्या रांग घेऊन निघून गेल्या.

"त्रेचाळीस कशा भरल्या?" मी विचारलं.

"शिवल्या काढणारी एक बाई होती. लिमलेटच्या गोळ्या वाटतायत म्हणून रांगेच्या टोकाला उभी राहिली. तिचा काय दोष? मी डोकी मोजली. तोंडं बघितली नाहीत." हातातली कळी त्यांनी जुडीतून काढली आणि पुन्हा तिथंच खोचली. "राष्ट्रगीत सुरू झालं. हेलनचा आवाज फार वर जायचा. सगळ्यांच्या वर. त्या दिवशी वर काही नव्हतं. तेव्हा मला कळलं."

धावत किनाऱ्यावर आल्या तेव्हा ओहोळ भरला होता आणि खडक पाण्याखाली गेला होता. हेलन सापडली नाही. चर्चच्या सिमेटरीत तिच्या नावाचा क्रूस आहे, त्याच्याखाली काही नाही.

मी म्हणालो, "टीचर, तिला कळलंही नसेल. एक लाट आली असेल आणि…"

"तेच," त्या म्हणाल्या. "अडतीस वर्षं मला तेवढंच विचारायचं आहे. त्या खडकावरून रांग दिसते का? दिसत नसेल, तर तिला वाटलं असेल ताई येते आहे. दिसत असेल, तर तिनं आम्हाला मोजताना बघितलं. गोळ्या खाताना बघितलं. निघून जाताना बघितलं."

"मग एखाद्या दिवशी जाऊन बघायचं. खडक काय पळून जातो?"

त्या माझ्याकडे, मी गृहपाठ न केल्यासारखं, बघत राहिल्या. "तो उजेड पाहिजे, ते पाणी पाहिजे, ती रांग पाहिजे. एकोणीस वर्षांनी तीच तारीख आणि तीच तिथी एकत्र येते. सदुसष्टला सव्वीस जानेवारीला पुनव होती. शहाऐंशीला होती. तेव्हा माझी हिंमत झाली नाही, ताप आलाय म्हणून घरात पडून राहिले. या वर्षी पंचवीसला पुनव आहे, सव्वीसला पाणी तसंच. यानंतर दोन हजार चोवीस. तोवर मी असेन का, खानोलकर?"

मला त्यातलं जेवढं कळायला हवं होतं तेवढं कळलं नाही. मला वाटलं, म्हातारीला एकदा त्या वाळूवरून पळायचं आहे, पळू दे. मी म्हणालो, "नसेल दिसत, टीचर. धुकं असतं त्या वेळी." त्यांनी मान हलवली. निघताना म्हणाल्या, "टोपली तुम्ही सांभाळा. टोपली रिकामी झाल्याशिवाय झेंड्याला जायचं नाही."

रिकामी. हा शब्द त्यांनी नीट उच्चारला होता. आणि मी तो नीट ऐकला होता.

त्या सव्वीस जानेवारीला बुधवार होता. सव्वासहाला आम्ही सुरूखाली जमलो. पळणारे टीचर धरून तेवीस, मंडळातले नऊ आणि बाकी गावचे. टोपली धरायला मी. धुकं जमिनीपासून वर हातभर आणि त्याच्यावर पश्चिमेला मोठा पिवळट चंद्र समुद्रात उतरत होता. पाणी इतकं आत गेलं होतं की त्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. रोज समुद्राची गाज ऐकणारी गावची माणसंही हळू आवाजात बोलत होती. एकेकानं बोंड टाकलं. टीचरांनी शेवटी टाकलं. त्यांनी टाकलेलं ते बोंड मी पाहिलं आणि आपलं नेहमीचं हेलनचं, असं समजलो. त्यांना स्वतःला पळायचं आहे, म्हणजे त्यांचं स्वतःचंही एक हवं, एवढा साधा विचार नऊ वर्षांच्या सवयीनं माझ्या डोक्यात येऊ दिला नाही. त्यांनी त्या वर्षी हेलनचं बोंड टाकलंच नव्हतं.

"पोट आत," त्या मला म्हणाल्या, आणि धुक्यात गेल्या.

सगळे साताच्या पुढे परत यायला लागले. उजाडत होतं. सुमेध सगळ्यांत आधी आला आणि त्यानं शिट्टी फुंकायला सुरुवात केली, रांग लावा, झेंड्याला उशीर होईल. रांग नेहमी सुरूच्या बनाकडे तोंड करून लागते, समुद्राकडे पाठ. मी पाठीमागून टोपली घेऊन निघालो. एकेक हात मागे येई आणि बोंड उचलून नेई. टोपली हलकी होत होती आणि माझ्या तोंडून नकळत आकडे निघत होते, कारण मी हिशोबी माणूस. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. रांगेच्या टोकाला पांढरा रुमाल बांधलेली एक पाठ होती. तेवीस. टीचर. त्यांच्या खांद्याला मी हात लावला. फ्रॉक ओला होता, आणि इतका गार की मी हात झटकला.

"पडलात की काय पाण्यात?" मी म्हणालो.

उत्तर आलं नाही. मोजणी चालू असताना टीचर कधीच बोलत नसत. टोपलीत एक बोंड उरलं होतं. ते हेलनचं, ते राहतं. त्यांना काय देणार? तेवीस गेले, तेवीस आले. मी सुमेधला हात केला. टोपली सुरूच्या बुंध्याशी ठेवली आणि आम्ही निघालो. मागून कोणीतरी एक पाय ओढत येत होतं. मी मनात म्हटलं, त्रेसष्टाव्या वर्षी पळायला कोणी सांगितलं होतं?

शाळेच्या पटांगणात मुलं उभी होती. झेंड्याच्या वेळी "सावधान" ही आज्ञा द्यायचा मान निवृत्तीनंतरही टीचरांचाच होता. आठ वाजले. हेडबाईंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"बर्था टीचर?"

कोणी पुढे झालं नाही. सुमेध म्हणाला, "आत्ता होत्या की आपल्या मागे." माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गावच्या बाईनं क्रूसाची खूण केली. मी मोजलं. या वेळी समोरून मोजलं, एकेक तोंड बघून. बावीस.

मग मला तो शब्द ऐकू आला. रिकामी.

राष्ट्रगीत सुरू झालं होतं, आणि ते चालू असताना हलू नये हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी हललो. आयुष्यात मी खरा पळालो तो त्या दिवशी. पोट, साखर, गुडघे, कशाचीही आठवण राहिली नाही. मागे राष्ट्रगीत चालू होतं आणि त्याच्या वर, सगळ्यांच्या आवाजाच्या वर, एक आवाज फार उंच गेला होता. मी मागे वळून पाहिलं नाही. त्याचं मला आजही बरं वाटतं आणि लाजही वाटते.

सुरूच्या बुंध्याशी टोपली होती तिथंच होती. ती रिकामी होती. काठाला ओली वाळू लागलेली होती.

तसाच ओहोळापाशी गेलो, तर तो भरला होता. मगाशी घोट्याएवढं असलेलं पाणी आता भोवरे घेत आत घुसत होतं, आणि धुकं फाटलं होतं. पलीकडे, खडक होता तिथं, उभ्या बर्था टीचर. कमरेपर्यंत पाणी. हाक मारत नव्हत्या की हात हलवत नव्हत्या. माझ्याकडे बघतही नव्हत्या. माझ्या मागे, जिथं आमची रांग लागली होती, तिकडे बघत होत्या. तिथं मोकळी वाळू होती. मी पाण्यात शिरलो तर मला कोणीतरी बखोटीला धरून मागे खेचलं. बाळाराम मेहेर. पलीकडच्या आळीतला कोळी, त्याची होडी बनाच्या टोकाला असते.

"पानी जाम चढलंय. आता कोनी उतरू नका," तो ओरडला आणि होडी ढकलायला धावला. मी आणि मागून आलेला सुमेध, आम्ही ती ढकलली. बाळारामनं टीचरांना काखेत धरून होडीत ओढलं तेव्हा पाणी त्यांच्या छातीला लागलं होतं.

काठावर आणल्यावर त्यांच्याभोवती मी माझा स्वेटर गुंडाळला. त्या थरथरत होत्या, पण डोळे कोरडे होते. मी रडत होतो. बेशरमासारखा, सुमेधच्या आणि सगळ्या गावाच्या देखत. "टीचर, मी डोकी मोजली. मी डोकीच मोजली हो," एवढंच मला बोलता येत होतं.

"दिसतं, खानोलकर," त्या म्हणाल्या. "सगळं दिसतं. उजेड तुमच्या पलीकडे होता ना. एकेक पाठ दिसत होती. तुम्ही टोपली घेऊन फिरत होता ते दिसलं."

"मग तुम्ही आला का नाहीत? तेव्हा पाणी कुठे होतं एवढं?"

"ती उभी होती ना टोकाला. माझ्या जागेवर." त्यांनी वाळूकडे हात केला. "अगोदर मी तिला हाक मारली. मग तुम्हाला मारली. कोनी वळलं नाही. मला वाटलं, तुम्ही नाही तर नाही, ती वळेल. एकदा तरी वळेल. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले, तेवढ्यात पानी आलं."

"आणि ती?"

"ती तुमच्याबरोबर झेंड्याला गेली." टीचरांनी स्वेटर गळ्याशी घट्ट धरला. "नाही वळली. मीही नव्हते वळले."

त्यानंतर त्या पावणेचार वर्षं जगल्या. धाव दरवर्षी झाली, पोस्टकार्ड दरवर्षी आलं, पण टोपलीत पहिलं बोंड त्यांनी पुन्हा कधी टाकलं नाही, आणि टोपली दरवर्षी शेवटी रिकामी झाली. झेंडा झाल्यावर त्या आमच्याबरोबर बसून बुंदी खायच्या, घरी जायच्या. गावच्या लोकांना वाटलं, सुटली एकदाची. मलाही तसंच वाटायचं. एकदा मात्र मी त्यांना म्हणालो, "टीचर, हेलन परत आली म्हणायची, नाही का?" तेव्हा त्यांनी रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाल्या, "परत आली. पण मला भेटायला नाही आली." मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरायला हवा होता. पण त्यांच्यापुढे मी कायम पोट आत घेऊनच उभा राहिलो.

२००८ च्या पावसाळ्यानंतर त्या गेल्या. ज्या क्रूसाखाली काही नव्हतं त्याच्या शेजारीच त्यांना पुरलं.

टोपली आता माझ्याकडे असते. मी समोरून मोजतो, तोंडं बघून. आणि झेंड्याला निघण्यापूर्वी एक नवी पद्धत मी घालून दिली आहे. बोंडं उचलून झाली की मी टीचरांच्या आवाजात ओरडतो, "मागे फिर!" सगळी रांग वळते आणि खडकाकडे बघते. नवीन आलेले विचारतात, कशासाठी? मी सांगतो, कोणी मागे राहिलंय का ते बघायला. खरंच तेवढ्यासाठी आहे ते. तिथं कोणी बसलेलं असलं, तर आम्ही वळलो हे त्याला दिसावं.

या सव्वीस जानेवारीला सगळे वळले, मीही वळलो. खडक कोरडा होता, वर कोणी नव्हतं. रांगेच्या टोकाला कोणी न वळता उभं आहे का, तेवढं मी बघितलं नाही. मग आम्ही झेंड्याला गेलो.